नमुना पास, लॉट पास

चार वर्षं, दर रविवारी सकाळी आठ वाजता, आमच्या कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये माझे हात तपासले जायचे. तपासणारे माझे वडील. खिडकीजवळची खुर्ची, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, मांडीवर दोनशे पानी वही. समोर मी, तिशी ओलांडलेली, सॉफ्टवेअर कंपनीत हाताखाली सहा माणसं असलेली बाई, शाळेत नखं दाखवायला उभं राहावं तशी उभी.

"मूठ मिट."

मी मिटायची.

"उघड. आता दाबतो. दुखतंय?"

"नाही."

"इथं? खरं सांग."

"बाबा, एवढं दाबलंत तर पाट्यावरवंट्यालाही दुखेल."

शेवटी लोणच्याची बरणी यायची. तिचं झाकण त्यांनी स्वतः ताकद लावून घट्ट केलेलं असायचं, ते मी एका दमात उघडायचं. उघडलं की वहीत नोंद: तारीख, मूठ, सूज, झाकण. खाली त्यांची सही. माझ्या हातांवर माझी सही कधीच लागली नाही.

बाबा खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासनीस होते. आयुष्यभर त्यांनी एकच काम केलं. पेटीतला एक नग काढायचा, तो कसून तपासायचा आणि तो चांगला निघाला की अख्खी पेटी पुढे ढकलायची. "नमुना पास, लॉट पास," हे वाक्य आमच्या घरात शुभं करोतीपेक्षा जास्त वेळा म्हटलं गेलं असेल. आंबे घेताना एक फोडून खायचे आणि पेटी उचलायचे. माझं लग्न ठरवताना मुलाच्या एका काकांशी तासभर बोलले, काका सज्जन निघाले, म्हणून घराणं पास केलं. त्या लॉटमधून मी तीन वर्षांत परत आले. बाबांनी त्यावर एवढंच म्हटलं, की काका मात्र खरोखर चांगले होते.

आता माझेच हात का, तर आईमुळे.

मी पंधरा वर्षांची असताना आईच्या हातातून भांडी पडायला लागली. आम्ही तिला वेंधळी म्हणालो. सहा महिने तिनं तो शब्द ऐकून घेतला, कारण दुखतंय हे सांगण्यापेक्षा वेंधळी म्हणवून घेणं तिला सोपं वाटलं. मग एका सकाळी तिला अंथरुणातून उठताच येईना. डॉक्टर म्हणाले, आमवात. साधी सांधेदुखी नव्हे. शरीराचं रक्षण करणारी जी फौज असते ना, तीच बिथरते आणि घरच्याच माणसांवर गोळ्या झाडते. आईनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे सासर आता आत आलं म्हणायचं."

आत्या तिथंच बसली होती. ती हसली नाही.

त्यानंतर सल्ल्यांचा पूर आला. आंबट बंद करा. वांगं बंद करा. तांब्याचं कडं घाला. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त बाईंनी तर मधमाश्या चावून घ्या असं सुचवलं. आई म्हणाली, "आधी तुम्ही चावून बघा, गुण आला की मला द्या." पण सगळ्यात जोरात बसला तो आत्याचा सल्ला. सल्ला कसला, शापच. ती म्हणाली, "आईच्या पाटल्या मुलीकडे जातात, तसं आईचं दुखणंही मुलीकडेच जातं. पोरीला जपा हो." सगळ्यांनी माना डोलावल्या. पाटल्यांचं सोडा, पाटल्या आईच्या मनगटात जाईनाशा झाल्यावर मोडल्या होत्या. दुखणं तेवढं शाबूत होतं.

बाबांनी पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, घराण्यात असेल तर कल असतो, हमी नसते, मुलगा काय नि मुलगी काय. बायकांत जास्त दिसतं एवढंच. बाबांनी यातलं 'बायकांत' एवढंच घरी आणलं. पुढं ते निवृत्त झाले, निवृत्त माणसाला तपासायला काहीतरी लागतंच, आणि नेमकी तेव्हाच मी तिशीची झाले. आईला छत्तिसाव्या वर्षी सुरू झालं होतं. बाबांनी हिशेब करून दुकानातून वही आणली.

माझा भाऊ माझ्याहून तीन वर्षांनी लहान. तोही कॉम्प्युटरवरच काम करायचा, हिंजवडीला, माझ्या कंपनीच्या समोरच्या रस्त्यावर. रविवारी तो चहाचा कप घेऊन दारात उभा राहायचा आणि माझी तपासणी बघायचा. "ताई, नापास झालीस तर सासरी परत पाठवणार म्हणे." मी त्याला उशी फेकून मारायची. त्याचा हात धरून बघावं असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. तो मुलगा होता. नमुना मी होते.

त्याला चिडवायला मलाही कारणं कमी नव्हती. पोटच्या पोरासारखी जपलेली मोटरसायकल त्यानं एक दिवस विकून टाकली आणि बिनगिअरची स्कूटर आणली. मी म्हटलं, "वा! आता पुढं पिशवी अडकव, मेथीची जुडी छान बसेल." मग त्यानं दाढी वाढवली. मी म्हटलं, कुणी नाही म्हणालं का रे? तो म्हणाला, तसं समज. आई दाढीकडे बघत राहिली आणि मग भाजी निवडायला लागली. तिचं भाजी निवडणं म्हणजे एक जुडी आणि एक दुपार.

आणि अशातच माझं मनगट दुखायला लागलं.

उजवं. सकाळी उठलं की बोटं जड, अंगठ्याच्या बाजूला मुंग्या. माझं काम म्हणजे दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या. बाबांची मुलगी, दुसरं काय करणार! पण चुका शोधायची सवय वाईट. एकदा स्वतःत शोधायला लागलं की सापडतच जातात. ऑफिसात इंटरनेट फुकट होतं. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायचा, एक घास खायचा आणि एक लक्षण वाचायचं. सकाळचा ताठरपणा, आहे. थकवा, आहे. चिडचिड, ती जन्मापासूनच आहे. महिन्याभरात मी आमवातच काय, आणखी चार आजारांची नावं पाठ केली होती आणि रोज दुपारी एक ते दोन त्यातल्या एकेकानं मरत होते.

रविवारी मात्र मी म्हणायची, "नाही, दुखत नाही." बरणीची मला धास्ती होती. पण गंमत अशी, की झाकण अलगद निघायचं. दोन-तीन रविवार असं झालं तेव्हा मी बाबांच्या तोंडाकडे बघितलं. ते वहीत डोकं घालून बसले होते. झाकण तेच सैल लावत होते. ज्या माणसानं आयुष्यात कुणाचा चहासुद्धा फुकट घेतला नाही, तो आपल्याच मुलीला पास करण्यासाठी परीक्षा सोपी करत होता. मला हसू आलं आणि लगेच विरलं. म्हणजे त्यांनाही वाटत होतं, की मी उघडू शकणार नाही.

मला भीती वाटत होती. सरळ सांगते. आणि ती दुखण्याची नव्हती. शाळेत असताना रोज सकाळी आई मला हाक मारायची, "जरा बटणं लावून दे गं." पाठीमागून ब्लाउजची बटणं. माझी शाळेची घाई असायची, मी तोंड वाकडं करून लावायची. एकदा मी म्हणाले, "आता रोज मीच लावायची का?" आई म्हणाली, "नको लावूस. मी शाल घेऊन बसते." त्या दिवशी मे महिन्यात ती शाल पांघरून बसली होती. हे मला आठवायचं आणि वाटायचं, माझी बटणं कोण लावणार? नवरा नाही, मूल नाही. हा बिनगिअरचा भाऊ?

शेवटी ठरवलं, की तपासून घ्यायचं. पण कुठं? कर्वेनगरात शिंकलं तर कोथरूडमधून काढ्याची कृती येते. रक्त तपासणाऱ्या प्रत्येक दुकानात आईच्या भिशीतली कुणीतरी बाई बसलेली. आईच्या डॉक्टरांकडे जावं तर ते आईशी घरच्यासारखे बोलतात. ऑफिसमधल्या एकीनं सांगितलं, लोणी काळभोरला एक डॉक्टर दर गुरुवारी बसतात, सांध्यांचंच बघतात. लोणी काळभोर! सोलापूर रस्त्यावर, शहराच्या पार पलीकडे. तिथं मला ओळखणारं कुत्रंसुद्धा नव्हतं. बँकेचं काम सांगून अर्धा दिवस रजा टाकली, जाऊन रक्त देऊन आले.

रिपोर्ट पुढच्या गुरुवारी. मधला आठवडा मी घरात इतकी गोड वागले, की आईनं दोनदा ताप बघितला.

पुढच्या गुरुवारी गेले तर बाकावर ही गर्दी. माझ्या शेजारी डोक्यावर पदर घेतलेल्या एक आजी.

"काय दुखतंय गं बाई?"

"हात, आजी."

"मंग काम काय करतीस?"

"कॉम्प्युटरवर बटणं दाबते."

त्यांनी मला वरून खाली बघितलं. "म्या चाळीस वर्सं ऊस तोडला. माझं गुडघं गेल्यात, पर हात अजून हाय. आन् तुजं बटणं दाबून गेलं व्हय!"

मी काही उत्तर देणार तेवढ्यात दारातून हेल्मेट हातात घेऊन एक दाढीवाला आत आला. मी त्याच्याकडे बघितलं, त्यानं माझ्याकडे. माझा भाऊ.

"तू इथं काय करतेस?"

"मी... एका मैत्रिणीला भेटायला आलेय. तू?"

"मी पण."

"तुझी कोण मैत्रीण लोणी काळभोरला?"

"तुझी कोण?"

आजी दोघांकडे आळीपाळीनं बघत होत्या. एवढ्यात काउंटरवरची बाई मान वर करून त्याला म्हणाली, "अहो, आलात का? फाईल वर काढून ठेवलीय तुमची. या महिन्याचं रक्त केलंत ना? मागच्या वेळी विसरलात, डॉक्टर मलाच बोलले."

आणि तिनं फाईल काउंटरवर ठेवली. जाड, कोपरे मळलेली, मधोमध रबर लावलेली. माझी फाईल दोन कागदांची होती.

मला सगळं एकदम कळलं. क्लच दाबता येत नव्हता, म्हणून मोटरसायकल गेली. सकाळी वस्तरा धरता येत नव्हता, म्हणून दाढी आली. आणि मी मेथीच्या जुडीवर विनोद केला होता. मी म्हटलं, "किती दिवस?"

"दोन वर्षं होतील," तो म्हणाला. "तुझं काय? रिपोर्ट आला?"

माझं नाव पुकारलं. डॉक्टरांनी कागद बघितले, माझं मनगट वाकवलं, सरळ केलं आणि म्हणाले, "तुम्हाला आमवात नाही. खुर्ची उंच करा, मनगट टेबलाच्या कडेवर दाबू नका, आणि इंटरनेटवर आजार वाचणं बंद करा." एवढंच. पाच मिनिटं. चार वर्षांची वही आणि महिन्याभराचं मरण पाच मिनिटांत निकालात निघालं.

मला आनंद झाला. लाजेची गोष्ट आहे, पण झाला, इतका, की डॉक्टरांच्या टेबलावर चढून नाचावंसं वाटलं. दार उघडून बाहेर आले तेव्हा तो बाकावर बसला होता, माझी जागा आजींच्या शेजारी धरून ठेवली होती त्यानं. माझ्या तोंडाकडे बघूनच त्याला कळलं. तो खरोखर हसला. "सुटलीस! बरं झालं, दोघांना परवडलं नसतं." मी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून भर दवाखान्यात रडले. आजी म्हणाल्या, "असूं दे, असूं दे. बटणं दाबून बी लई दुखतं."

त्याचं काम झाल्यावर आम्ही बाहेरच्या टपरीवर चहा घेतला. तो ग्लास दोन्ही तळव्यांत धरून प्यायला. हे मी रोज घरी बघत होते आणि थंडी वाजते म्हणून असेल असं धरून चालत होते.

"आईला सांगायचं नाही," तो म्हणाला.

"अरे पण का? तिला सगळं माहीत आहे, तिच्याइतकं कुणाला कळणार?"

"म्हणूनच. तिला वाटेल तिनं दिलं. एकोणीस वर्षं तिनं स्वतःचं दुखणं चेष्टेवारी नेलंय. माझं नाही नेता येणार तिला." मग थांबून म्हणाला, "शप्पथ घे."

"आईशप्पथ नाही सांगणार आईला," मी म्हटलं. यातला गाढवपणा दोघांनाही कळला. पण शप्पथ ती शप्पथ.

मी त्याच्या स्कूटरवर मागं बसले. हडपसरला ट्रकच्या मागं अर्धा तास उभे होतो. मी म्हटलं, मी चालवते. तो म्हणाला, गप बस, तू चालवलीस तर दोघांनाही हाडांच्या डॉक्टरकडे जावं लागेल. वाटेत आम्ही ठरवलं, की जिन्यात दोन मिनिटं थांबायचं, आधी तो वर जाईल, मग मी, म्हणजे संशय नको. पण घराखाली पोचलो तेव्हा दोघंही इतके दमलो होतो, की ते राहूनच गेलं.

आईनं दार उघडलं. तिनं माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, त्याच्या हातातल्या औषधांच्या पिशवीकडे बघितलं.

"दोघं एकत्र आलात," ती म्हणाली, "आणि भांडत नाही आहात. कुणाला झालंय?"

आता मी काहीही बोलू शकले असते. मैत्रिणीचं म्हणू शकले असते. पिशवी ऑफिसातल्या कुणाची म्हणू शकले असते. खोटं बोलण्यात मी काही कच्ची नाही, दर रविवारी बोलत होते. पण आठवडाभर जी भीती गिळून ठेवली होती, ती सुटल्याचा आनंद अजून घशातच होता, आणि तोंड उघडताच तो बाहेर पडला.

"मला नाही!" मी म्हणाले.

घरात मुलं दोनच. आईला काही वेगळं सांगावं लागलं नाही.

मी जीभ चावली. भावानं माझ्याकडे रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं, पण तो पायांकडे बघत होता. आईनं हात पुढे केला आणि तिच्या त्या वाकड्या बोटांनी त्याचं मनगट धरलं, म्हणजे जेवढं तिला धरता येत होतं तेवढं. अंगठ्यानं ती पेरं चाचपत गेली. डॉक्टरांनी बघितलं नसेल इतकं नीट तिनं बघितलं.

"माझ्याकडून घेण्यासारखं दुसरं काही नव्हतं का रे तुला?"

"होतं की," तो म्हणाला. "जीभ ताईनं आधीच नेली होती. मला हेच उरलं."

आई हसली. आणि हसता हसता तिचं तोंड वाकडं झालं आणि ती रडायला लागली, दार उघडं, समोरच्यांचंही दार उघडं, तरी. एकोणीस वर्षांत या दुखण्यापायी मी तिला रडताना बघितलं नव्हतं.

आवाज ऐकून बाबा आतून आले. काय झालं, काय झालं म्हणत त्यांनी आधी माझाच हात धरला. आईनं तो सोडवून त्यांना मुलाकडे वळवलं. "अहो, तिचं नाही. याचं."

बाबांना कळायला वेळ लागला. "याचं कसं?" ते म्हणाले. "मी तर दर रविवारी..." माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. मग चौसष्ट वर्षांचा तो माणूस उंबरठ्यातच गुडघ्यांवर बसला. "उभा काय राहिलास, आत ये, बूट काढतो मी तुझे," म्हणाले आणि त्याच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागले. या बाजूनं चाचपलं, त्या बाजूनं चाचपलं. नाड्या सापडेनात. नुसते पाय सरकवायचे बूट होते ते.

"नाड्या नाहीत त्याला, बाबा," भाऊ म्हणाला. "दोन वर्षं झाली."